उजव्या बाजूचा आरसा

आरसा हवा होता उजव्या हँडलला. ऑनलाइन मागवला तो डाव्या बाजूचा निघाला; जिथे बनला तिथे गाड्या आपल्या उलट बाजूने चालत असणार. म्हणून रविवारी सकाळी विक्रोळीतल्या आमच्या नेहमीच्या सायकलवाल्याकडे निघाले, तर नवरा म्हणाला, मीपण येतो. तो यायला नको होता.

मान अवघडते, मागे वळून बघता येत नाही, म्हणून आरसा हवा, असं मी घरी सांगितलं होतं. साफ खोटं. दिवाळीत माझा उजवा कान गेला. तो आता परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. मी रोज सायकलने भांडुपला कामाला जाते, आणि मागून येणाऱ्या सगळ्या गाड्या उजवीकडूनच जातात. ऐकू येत नाही म्हणून सारखं मागे वळायचं, वळलं की सायकल डगमगते. दोनदा बसखाली येता येता वाचले. हे नवऱ्याला कळलं असतं तर सायकल त्याच दिवशी भंगारात गेली असती. माणूस वाईट नाही, पण भित्रा. भित्र्या माणसापुढे वाद घालून उपयोग नसतो. आणि चाळिशीत गुडघे फोडून घेऊन शिकलेली सायकल मला सोडायची नव्हती.

सायकलवाल्याने दोन आरसे पुढे ठेवले, एक फुगीर काचेचा, एक सपाट.

"फुगीर घेतला तर रस्ता अख्खा दिसतो, ताई. पण गाडी असते त्यापेक्षा लांब वाटते. सपाटात अंतर बरोबर, रस्ता मात्र थोडकाच दिसणार."

"मान दुखते तर सायकल हवीच कशाला?" नवरा म्हणाला. हे नीट ऐकू आलं, कारण मी मुद्दाम त्याला डावीकडे ठेवून उभी होते.

मला अख्खा रस्ता हवा होता. फुगीर आरसा लावून मी रस्त्याच्या कडेला सायकलवर बसले आणि नवऱ्याला मागे जाऊन उभं राहायला सांगितलं. डाव्या हाताला हवा भरायचा कंप्रेसर धडधडत होता. आरशात नवरा एवढासा दिसला. त्याचे ओठ हलत होते. दिसतो का, असं विचारतोय, मी समजले.

"दिसताय हो," मी ओरडले, "छान दिसताय."

त्याने हात हलवला. मीही हलवला. त्याच्यामागे एक टेम्पो दिसत होता, चांगला लांब. म्हटलं, एक चक्कर मारून बघू. पायडल दाबलं आणि कोणीतरी मागून कॅरिअर धरून सायकल खेचली. टेम्पो हँडलला चाटून गेला.

कॅरिअर सायकलवाल्याच्या हातात होतं. त्याने कंप्रेसर बंद केला, फुगीर आरसा काढला आणि सपाट लावायला घेतला.

नवरा धावत आला. "किती ओरडलो मी. टेम्पोवाला कधीचा हॉर्न देतोय."

मग तो माझ्या उजवीकडे येऊन हळूच काहीतरी बोलला. मला फक्त ओठ दिसले.

"काय?" मी विचारलं, आणि विचारताच कळलं की पकडले गेले.

"उजव्या कानाने ऐकू येत नाही मला," मी म्हणाले.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

आता सायकल विकायचं काढणार, म्हणून मी भांडायच्या तयारीनेच उभी राहिले. उत्तरं महिनोन्महिने पाठ केलेली होती. त्याने सायकलीकडे बघितलंसुद्धा नाही.

"रस्त्यात मी नेहमी तुझ्या उजवीकडून चालतो," तो म्हणाला. "गाड्यांच्या बाजूला तू नको म्हणून. काहीबाही बोलत असतो, तू ओ देत नाहीस. मला वाटलं, तुला माझा वीट आला."