विचारमग्न नव्हे, विमनस्क

माझे बाबा नदीत गेले नाहीत.

काल दुपारी गेले. बदलापूरच्या घरी, आपल्या पलंगावर, चांगले म्हातारे होऊन.

हे मुद्दाम लिहितेय, कारण नव्वदच्या दशकातला एक अख्खा पावसाळा मी भीतीत काढलाय.

अंबरनाथची त्यांची कंपनी बंद पडली. सुपरवायझर होते. त्यानंतर बदलापुरातच, मांजर्लीच्या घरी नुसते गॅलरीत बसून राहायचे. दाढी वाढलेली, समोरच्या चहावर साय धरलेली.

आई उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून जीन्स आणायची, जादा धागे कापायला. मला दटावायची, "आवाज नको. बाबा विचारात आहेत, डिस्टर्ब करू नकोस."

मी घरात चोरासारखी वावरायचे.

शेजारी प्रधानबाई राहायच्या, शाळेत मराठी शिकवायच्या. एकदा म्हणाल्या, "बाबा कसे आहेत गं?"

मी ऐटीत सांगितलं, "विचारमग्न असतात."

बाईंनी गॅलरीकडे पाहिलं. "विचारमग्न नव्हे गं. विमनस्क."

मी घाबरून विचारलं, "म्हणजे वेड लागलंय?"

"छे! मन थाऱ्यावर नाही, एवढंच. विचारमग्न माणसाला हाक मारू नये. विमनस्क माणसाला मारावी. मारत राहावी."

त्याच आठवड्यात शाळेतून आले, तर गॅलरी रिकामी. आई कॅम्पला गेलेली.

मी नदीकडे पळाले.

उल्हास दुथडी भरून चाललेली. बाबा अगदी काठावर, चपला काढून उभे.

मी जीव खाऊन ओरडले,

"बाबाऽऽ! चहा टाकलाय!"

साफ खोटं. ते हललेच नाहीत. मी परत ओरडले. परत ओरडले.

मग बाबा वळले. म्हणाले, "दूध आहे का घरात?"

तिथे ते कशाला गेले होते, हे मी कधीच विचारलं नाही. धीरच झाला नाही.

त्यानंतर मी ऊठसूट हाका मारायचे. बाबा, पेन्सिल. बाबा, पाल!

शेवटी एक दिवस बाबा खेकसले, "काय कटकट आहे कार्टे! जरा शांत बसू देशील का?"

आईच्या हातातली कात्री थांबली. किती महिन्यांनी चिडले होते! ती रडायलाच लागली.

आज आई सकाळपासून खिडकीशी बसलीय. भेटायला आलेले म्हणताहेत, बसू दे, विचारात आहे.

मला पुन्हा तशीच भीती वाटतेय.

लिहिणं थांबवते. तिला हाक मारते.

बाबा, तुम्ही निवांत जा. शेवटचा नमस्कार.