एक बाही लांब
लोकरीची पिशवी उघडली, की डांबराच्या गोळ्यांचा वास येतो आणि मला वीटभट्टीवरची ती मुलगी आठवते. करंजाड्यातल्या आमच्या सोसायटीतल्या आम्ही काही बायका भट्टीवरच्या मुलांसाठी स्वेटर विणतो, तेही डोक्यावर पंखा लावून, कारण पनवेलची थंडी पहाटे येते आणि ऊन चढलं की पळते. एकदा घाईघाईत एका लाल स्वेटरची एक बाही मी विणली, दुसरी शेजारणीने. टाके सारखेच होते, पण तिचा हात घट्ट, माझा सैल. माझी बाही चार बोटं लांब झाली. “उसव ती,” ती म्हणाली. “तूच जरा सैल विणायला शीक,” मी म्हटलं. भांडतच आम्ही सकाळी भट्टीवर पोचलो. धुरात, गार मातीवर अनवाणी उभ्या असलेल्या एका मुलीने तो स्वेटर घातला. शेजारीण लांब बाही दुमडायला वाकली, तर पोरीने हात मागे घेतला. “नको ना, यात माजा हात झोपलाय.” तेव्हापासून स्वेटरचं अंग शेजारीण विणते आणि बाह्या मी. आत्ताच तिने माझी बाही मापाला लावून पाहिली आणि म्हणाली, “अजून वाढव गं थोडी, हात झोपायचाय.”