वरची खोली आणि पिवळ्या सोंगट्या

सांगलीतल्या आमच्या घराची वरची खोली बरीच वर्षं कुणाचीच नव्हती. नदीचं पाणी गल्लीत येणार असं कळलं की खालचं सामान वर न्यायचं, हे आमच्या भागात लहान मुलांनाही ठाऊक असतं. पाणी ओसरलं की लागेल तेवढं खाली येतं, बाकीचं वरच राहतं. तसं आमच्याकडे गाद्या, बिघडलेला मिक्सर, माझ्या शाळेतल्या ट्रॉफ्या, हळदीचे रिकामे डबे आणि पप्पांच्या दुकानाची पाटी राहिली होती. पाटीच्या मागे भिंतीला टेकवलेला कॅरम बोर्ड होता.

पप्पांची हळदीची अडत होती. दर रविवारी दुपारी गोदामात पोत्यांवर बसून चौघांचा कॅरम चालायचा. पप्पा, शेजारच्या दुकानाचे अडतकाका, मालाचं वजन करणारे तोलारकाका आणि पोती शिवणारे चाचा. डॉक्टरांनी पप्पांना हळदीच्या धुळीपासून लांब राहायला सांगितलं, दुकान बंद झालं, आणि कॅरमही थांबला.

मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, समोर पुढच्या खोलीत पप्पांची खुर्ची. सकाळी ते मोबाइलवर हळदीचा भाव बघायचे. विकायला काही नव्हतं तरी बघायचे. मग मोबाइल पालथा ठेवून बसून राहायचे. आम्ही दोघंही दिवसभर घरात आणि दोघंही गप्प. माझं गप्प राहणं सगळ्यांच्या सवयीचं आहे. त्यांचं नवीन होतं, आणि ते मला बघवत नव्हतं.

वरची खोली आवरून तिथे कॅरम सुरू करू या, असं मी आईला म्हटलं. पप्पांना आधी विचारलं नाही. आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "कर. पण नदी वाढली तर फ्रिज न् धान्य वर कुठं ठेवायचं? पाणी यायच्या आधी खोली रिकामी झाली पाहिजे. आणि तंबाखूची एक पिचकारी जरी दिसली, तर बोर्ड मी स्वतः गच्चीवर नेऊन ठेवीन."

आईच्या या अटींवरच खोली लागली. मोबाइलवर मी असल्या खोल्यांचे खूप व्हिडिओ पाहिले होते. त्यात गालिचे, बीनबॅग, रंगीत दिवे होते. गालिच्यात धूळ बसते आणि पप्पांना धूळ चालत नाही. बीनबॅगमधून तोलारकाकांना उठवायला दोन माणसं लागली असती. म्हणून फरशी उघडीच ठेवली, रोज ओल्या फडक्यानं पुसता येईल अशी. बोर्डाला घडीचा स्टँड आणला. खुर्च्या एकात एक बसणाऱ्या, पाठीला टेकू असलेल्या. पत्ते, सापशिडी, बुद्धिबळ असं सगळं उंच फळीवर गेलं. कपांसाठी भिंतीलगत एक स्टूल ठेवलं, कारण कप बोर्डाच्या कडेला ठेवायची सवय मी गोदामात पाहिली होती. दिवा मात्र बरोबर बोर्डाच्या मधोमध खाली ओढून घेतला, म्हणजे कुणाच्या डोक्याची सावली सोंगट्यांवर पडणार नाही. दाराशी चपलांना रॅक आणि तंबाखूवाल्यांसाठी झाकणाचा डबा. मधली जागा पूर्ण मोकळी राहिली. फ्रिज तिथे सरळ उभा राहील, हे आईनं स्वतः टेप लावून मोजलं आणि टेप गुंडाळत ती खाली गेली.

पप्पांनी खोली पाहिली, दिवा एकदा लावून बंद केला आणि मोबाइल काढून तिघांना फोन केले.

पहिल्या रविवारी तिघंही इस्त्रीचे कपडे घालून आले. तोलारकाका दारात थांबून म्हणाले, "आवं शेट, हितं पाय ठेवायचा का हात जोडायचं?"

"बसा की गुमान," पप्पा म्हणाले.

सोंगट्या आणि पावडर मी एका रिकाम्या डब्यात घालून ठेवली होती. घट्ट झाकणाचा, दमट हवेत पावडरीच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. अडतकाकांनी डबा बोर्डावर उपडा केला आणि सगळे बघतच राहिले. पांढऱ्या सोंगट्या पिवळ्याधमक झाल्या होत्या. पावडरही पिवळी. डबा दुकानातला, हळदीच्या नमुन्याचा. आमच्या घरात कुणालाच हळदीचा वास येत नाही. आम्ही त्यातच वाढलोय. मी आत हुंगून पाहिलं होतं आणि मला डबा स्वच्छ वाटला होता.

पहिल्या डावातच चौघांची बोटं पिवळी झाली.

"लेकीच्या आधी बापालाच हळद लागली," तोलारकाका म्हणाले.

"डॉक्टरांनी धूळ बंद सांगितली, हिनं औषधासारखी डब्यात भरून दिली," अडतकाका म्हणाले. "इंग्लिश मीडियम हाय, काय करणार."

चाचा शांतपणे आपली बोटं बघत म्हणाले, "माल चांगला हाय पण. राजापुरी वाटतोय."

पप्पा खोकले, आणि मग हसायला लागले. दुकान बंद झाल्यावर त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मला मराठीत उत्तर वेळेवर सुचत नाही, म्हणून मी पावडर टाकून दिली, बोर्ड पुसला आणि नवी पावडर आणायला गेले. सोंगट्या मात्र धुतल्या तरी पिवळ्याच राहिल्या. नव्या आणू का, विचारलं तर कुणीच हो म्हणालं नाही. तेव्हापासून आमच्याकडे काळ्या आणि पिवळ्या.

पुढचे बरेच रविवार मी चहा देणं, पावडर भरणं, डाव संपला की खुर्च्या रचणं एवढंच करत होते. दाराजवळच्या खुर्चीत बसायचे आणि बघायचे. त्यांचा एक रिवाज मला फार आवडायचा. पूर्वी बाजारात भाव रुमालाखाली ठरायचा. दोघांनी हात रुमालाखाली घालायचे, बोटं दाबून आकडा सांगायचा, बाकीच्यांना काही कळायचं नाही. आता भाव उघड पुकारले जातात. पण या चौघांनी रुमाल कॅरममध्ये ठेवला होता. आणखी एक डाव खेळायचा का, हे पप्पा तोंडानं विचारत नसत. खांद्यावरचा रुमाल हातावर टाकून एकेकापुढे हात धरायचे. बोट दाबलं तर हो, मूठ आवळली तर नको. एक जरी मूठ आली तरी पप्पा म्हणायचे, "चला, आजचं झालं." कुणी नको म्हटलं ते बाकीच्यांना कधीच कळायचं नाही. माझ्यासारखीला वाटायचं, सगळं जग असं असतं तर किती बरं झालं असतं.

पाऊस सुरू व्हायच्या सुमाराला अडतकाका साताऱ्याला गेले. मुलाची बदली तिकडे झाली होती आणि नातू लहान. जाताना म्हणाले, "रविवारी एसटीनं येत जाईन." पहिल्या रविवारी आले. दुसऱ्या रविवारी फोन आला की तिकडे पाऊस फार आहे. त्यानंतर फोनही आला नाही.

तिघांत कॅरम रंगत नाही. एक जण कायम बघत बसतो आणि जोडी जमत नाही. तोलारकाका डाव अर्धा सोडून बाजारातल्या गोष्टी सांगू लागले. चाचा घड्याळ बघायला लागले. एका रविवारी पप्पांनी रुमाल पुढे केलाच नाही, थेट म्हणाले, "पुरे." मी तिघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. ज्यानं त्यानं दुसरीकडे बघितलं.

त्या आठवड्यात नदीची पातळी वाढल्याचे मेसेज यायला लागले. आई म्हणाली, "तसंही कुणी खेळत न्हाई आता. बोर्ड गच्चीच्या जिन्यात ठेवू, आणि धान्याचे डबे आत्ताच वर नेऊ. परत परत कोण करणार?" पप्पा मोबाइल पालथा ठेवून म्हणाले, "ने." एवढंच. एकदा बोर्ड जिन्यात गेला की तो तिथेच राहणार, हे मला कळत होतं. आमच्या घरात वर गेलेल्या वस्तू कशा राहतात ते मी पाहिलं होतं.

मी आईला म्हटलं, रविवारपर्यंत थांब.

रविवारी चाचा आणि तोलारकाका आले, पण चप्पल काढताना तोलारकाका म्हणाले, "आज लवकर सुटायचं हाय." मी चहा स्टुलावर ठेवला आणि दाराकडे निघाले. तेवढ्यात पप्पांनी रुमाल हातावर टाकला. चाचांकडे नाही, तोलारकाकांकडे नाही. हात माझ्यापुढे आला.

मला वाटलं, कप मागतायत.

"धर की," ते म्हणाले. "सोमवारी बोर्डावर ताजी पावडर असते. मांजर खेळतं का?"

जेवणाच्या सुट्टीत लॅपटॉप मिटून मी वर जाते, दार लावून एकटीच खेळते, हे कुणाला माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं. आवरण्यात तर मी कुठे चुकत नव्हते. तोलारकाका आणि चाचा छताकडे बघत होते. रुमालाचा हाच नियम, कुणी बघायचं नाही. मूठ आवळली असती तर पप्पा "चला, आजचं झालं" म्हणाले असते, आणि मी नको म्हणाले हे कुणी कधी बोललं नसतं. मात्र बोर्ड जिन्यात गेला असता.

मी रुमालाखाली हात घातला. पप्पांचा हात कोरडा आणि गरम होता. मी एक बोट दाबलं.

पप्पांनी रुमाल खांद्यावर टाकला. "चाचा, सरका. ही माझ्या समोर बसंल."

"आवं, मग आमी हरलोच की," तोलारकाका म्हणाले. "रोज सराव करतीया ही. सरकारी पगारावर."

"कंपनीच्या," मी म्हटलं. त्या खोलीत त्यांना दिलेलं ते माझं पहिलं उत्तर. फार विनोदी नव्हतं, पण वेळेवर आलं. चाचा हसले.

मी रचलेल्या खुर्च्यांमधून एक ओढली. पहिला डाव आम्ही हरलो. राणी मी घेतली, पण तिच्या पाठोपाठ लगेच पिवळी घालायला चुकले. पप्पा "असू दे" म्हणाले नाहीत. म्हणाले, "कोपर वर धर."

जिन्यातून आईचा आवाज आला. "डबे आणू का वर?"

"दुसरा डाव मांडलाय," पप्पा म्हणाले. "पाणी आलं तर बघू. चौघं आहोत आता, लगेच उचलून होईल."

मी सोंगट्या मधोमध मांडायला घेतल्या, एक काळी, एक पिवळी.