काच वाहणाऱ्याचा डावा पाय

एकाच हंगामात तिसरी क्लचप्लेट जळाली, तेव्हा तिचा ट्रक चार माणसांनी ढकलत शर्यतीच्या पट्ट्याबाहेर नेला. केबिनमध्ये बसून स्टिअरिंग सरळ धरण्यापलीकडे तिला काही काम उरलं नव्हतं. खालून येणारा करपट वास नाकात जाऊन बसला होता. आठवडाभर ज्यांच्या गाड्या ती दुरुस्त करायची, तेच लोक कुंपणापलीकडून बघत होते. गॅरेजवाल्या बाईचीच गाडी चारचौघांत बंद पडली होती, आणि तिला कुठे तोंड लपवावं ते कळेना.

मेकॅनिक म्हणून तिचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. हा छोटा ट्रक तिने भंगारातून उचलला होता आणि त्याचं इंजिन नट न् नट सुटा करून पुन्हा बांधलं होतं. शहराबाहेर विमानतळाची जुनी, वापरात नसलेली धावपट्टी होती. महिन्यातून एका रविवारी तिथे शर्यती व्हायच्या. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहायच्या, तीन पिवळ्या दिव्यांनंतर हिरवा दिवा लागला की सुटायच्या, आणि चारशे मीटरवर सगळा खेळ आटोपायचा. तिच्या ट्रकला ताकद कमी नव्हती. घोडं अडायचं ते सुटतानाच. क्लच झटकन सोडला की मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरायची. जपून सोडला की प्लेट घासून घासून जळायची. या दोन्हींच्या मधलं काही तिच्या पायाला सापडतच नव्हतं.

सोमवारी दुपारी घरामागच्या शेडमध्ये तिने गिअरबॉक्स उतरवला आणि प्लेट काढून बाकावर ठेवली. तेवढ्यात सासरे दोघांचा चहा घेऊन आले. अडुसष्ट वर्षांचे, किडकिडीत, कमी बोलणारे गृहस्थ. निवृत्तीपर्यंत एकतीस वर्षं त्यांनी एका काच कारखान्याचा ट्रक चालवला होता. इतर ड्रायव्हर त्यांना मुंगीमामा म्हणत. घरातही त्यांच्या गाडी चालवण्याची थट्टा व्हायची. बाबांबरोबर बाजारात जायचं तर डबा बांधून घ्यावा लागतो, असं तिचा नवरा म्हणायचा. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण गाडीतलं काही त्यांना विचारावं असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

त्यांनी कप खाली ठेवला आणि प्लेट उचलून दारातल्या उजेडाकडे धरली. तिच्यावरून अंगठा फिरवला. मग नाकाजवळ नेली.

"एकदा नाही जळालेली ही," ते म्हणाले. "तीनदा जाळलीयस. लागोपाठ, मध्ये गार होऊ न देता. दर वेळी दोन-अडीच सेकंद हाफ क्लचवर होतीस."

"इतकं नाही हो बाबा. सेकंदभर असेल."

ते चहा पीत बसले. तिने मोबाइल काढला. नवऱ्याने कुंपणापासून सगळ्याचं चित्रीकरण केलं होतं. तिने ते लावलं, इंजिनच्या आवाजावर कान दिला आणि सेकंद मोजले. दोन पूर्णांक चार. दुसऱ्या वेळी अडीच. तिसऱ्या वेळी त्याहून थोडं जास्त. आणि तिन्ही वेळा मिळून वीस मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

तिने मोबाइल उलटा ठेवला आणि सासऱ्यांकडे पहिल्यांदाच पाहावं तसं पाहिलं.

"हे तुम्हाला कसं कळलं?"

"कडेला रंग बघ. एक निळसर कडं, त्याच्यावर दुसरं, त्याच्यावर तिसरं. मध्ये गार झाली असती तर अशी एकावर एक चढली नसती."

"तुमच्या ट्रकची प्लेट किती वर्षं टिकायची?"

त्यांनी जरा आठवून पाहिलं. "दोन बदलल्या."

"वर्षाला?"

"नाही. एकूण."

एकतीस वर्षांत दोन. तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. भरलेला ट्रक, शहरातले सिग्नल, चढ, गोदामांच्या अरुंद गल्ल्या. तिच्या गॅरेजमध्ये असे ट्रक दीड-दोन वर्षांत प्लेट खाऊन यायचे.

मग तिने खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. नोकरीला लागून चारच दिवस झाले होते. दुकानाच्या दर्शनी भागाची मोठी काच घेऊन ते निघाले, आणि फाटकातच क्लच सुटला. मागे नुसता टक असा आवाज झाला. उतरून पाहिलं तर काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा. आता नोकरी गेली असं धरूनच ते मुकादमापुढे उभे राहिले. मुकादम ओरडला नाही. उद्यापासून आठवडाभर तू ट्रक चालवायचा नाहीस, मागे हौद्यात काचेजवळ उभं राहायचंस, एवढंच तो म्हणाला.

"मग?"

"मग उभा राहिलो. जुना ड्रायव्हर चालवायचा, मी काचेला हात लावून उभा. काच फुटण्याआधी बोलते पोरी. बारीक गुणगुणते. हाताला कळतं. त्या म्हाताऱ्याने ट्रक काढला की ती गप्प असायची. बाहेर बघितलं तरच समजायचं की निघालोय. मी म्हटलं, हे आपल्याला आलंच पाहिजे." चहाचा शेवटचा घोट घेऊन ते उठले. "मला सात वर्षं लागली."

"माझ्याकडे सात वर्षं नाहीत. पुढची शर्यत चार आठवड्यांवर आहे."

"तुझ्याकडे काच पण नाही," ते म्हणाले. "मागची चाकं म्हणजे काच समज. आपण निघालो हे त्यांना कळता कामा नये."

नवी प्लेट बसवल्यावर तीन दिवसांनी शिकवणी सुरू झाली. शेडमागच्या मोकळ्या जागेत त्यांनी तिला केबिनमध्ये बसवलं, जाड तळव्याचे बूट काढायला लावले आणि स्वतः हौद्यात चढले. कठड्याला धरून, डोळे मिटून उभे राहिले. ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. नुसता क्लच सोडायचा आणि ट्रक आपणहून चालू लागेपर्यंत वाट बघायची. जरा हिसका बसला की ते केबिनच्या टपावर थाप मारत. पहिल्या दिवशी तिने चाळीसएक वेळा ट्रक काढला आणि चाळीस थापा खाल्ल्या. संध्याकाळी डावी मांडी थरथरत होती.

नवरा कामावरून आला. म्हातारा बाप ट्रकच्या हौद्यात ध्यान लावून उभा आहे आणि ट्रक हातभर पुढे, हातभर मागे करतोय, हे दृश्य त्याने काही वेळ पाहिलं आणि काही न विचारता घरात गेला.

दुसऱ्या आठवड्यात थापा कमी झाल्या. मग एका दुपारी एकामागून एक अकरा वेळा थाप आली नाही. बाबांना झोप लागली की काय म्हणून तिने मान वळवून पाहिलं, तर ते हसत होते.

पण तिला शंका होतीच. "बाबा, हे सगळं हळू निघण्यासाठी ठीक. तिथे अर्धा सेकंद म्हणजे जन्म असतो."

"हळू कोण म्हणालं? सलग म्हणतोय मी." त्यांनी हाताचा तळवा पेडलसारखा धरला. "प्लेट पकडायला लागते ती जागा तुझ्या पायाला आता माहीत झालीय. तिथवर पाय पळव. तिथवरचा वेळ फुकटचा, प्लेट घासतच नाही. पकडीच्या जागी डोळ्याची पापणी लवते एवढंच थांब, गाडीला वजन मागच्या चाकांवर घेऊ दे. मग सोड. सोड म्हणजे टाकू नको. आणि उजवा पाय त्याच्या मागोमाग. इंजिन मिनिटाला किती फेऱ्यांवर ठेवतेस तू?"

"चार हजार."

"बावीसशे पुरे. वरचं सगळं तू प्लेटला खायला घालतेस. आणि दिव्याची वाट बघत क्लच दाबून बसू नकोस, न्यूट्रलमध्ये उभी राहा. पिवळे लागायच्या आधी गिअर टाक."

चारशे मीटरच्या त्या पट्ट्यावर हा माणूस आयुष्यात कधी गेला नव्हता, आणि तरी सांगत होता ते तिला शब्दन् शब्द पटत होतं. सहा वर्षं ती याच माणसाशेजारी बसून जेवत होती.

शर्यतीच्या रविवारी सासरे इस्त्रीचा शर्ट घालून आले. पहिल्या फेरीत तिचा ट्रक नीट सुटला. धूर नाही, पण मागची चाकं किंचित घसरली. वेळेच्या चिठ्ठीवर, सुटणं कसं झालं हे दाखवणारे पहिले साठ फूट दोन पूर्णांक चार सेकंदांत पार झाल्याचं छापलेलं होतं. आजवरच्या तिच्या कुठल्याही वेळेपेक्षा ते चांगलं होतं. तरी तिला ती चाकं खुपत होती. अर्धा तास इंजिन बंद ठेवून तिने प्लेट गार होऊ दिली आणि मग म्हणाली, "बाबा, पुढची फेरी तुम्ही घ्या. मला एकदा बाहेरून बघायचंय."

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. लायसन्स दाखवलं, कागदावर सही केली. हेल्मेट डोक्यावर मोठं होत होतं, ते नवऱ्याने पट्टा आवळून बसवलं. शेजारच्या रांगेत एक लाल ट्रक होता, त्याचा तरुण मालक इंजिन गुरगुरवत होता.

ती रेषेजवळ, दिवे लावणाऱ्या माणसाच्या मागे उभी राहिली. बाबांचा ट्रक रेषेवर आला आणि थांबला. इतका शांत की इंजिन बंद पडलं की काय असं तिला वाटलं. मग आवाज थोडा चढला आणि तिथेच स्थिर झाला, कोणी धरून ठेवल्यासारखा. पिवळा, पिवळा, पिवळा.

हिरवा लागला आणि ट्रकचं मागचं अंग अलगद खाली बसलं. चाकांचा आवाज झाला नाही. धूर नाही, हिसका नाही, किंकाळी नाही. एक मोठं जनावर जमिनीवरून उठावं तसा तो नुसता उठला आणि गेला. लाल ट्रक अजून जागेवर चाकं फिरवत होता. समोर रिकामा सिमेंटचा तुकडा होता. दिवे लावणारा माणूस वीस वर्षं तिथे उभा राहत आला होता. तो मागे वळून हलकेच म्हणाला, "कोण आहेत हे?"

"माझे सासरे," ती म्हणाली.

पण अर्ध्या पट्ट्यापर्यंत पोचल्यावर बाबांचा ट्रक वेग घेईनासा झाला. लाल ट्रक पाठून आला, शेजारून गेला आणि आरामात जिंकला. बाबा सावकाश, सिग्नलचा हात बाहेर काढून, परत आले.

"काही बिघडलं का?" नवऱ्याने धावत जाऊन विचारलं.

"नाही रे. काट्याने ऐंशी दाखवले. त्याच्यावर मी कधी गेलेलो नाही."

चिठ्ठीवर पहिल्या साठ फुटांची वेळ होती एक पूर्णांक नव्वद. तोच ट्रक, तीच प्लेट, तेच टायर. लाल ट्रकचा मालक हेल्मेट काखेत मारून आला आणि जिंकलेला असूनही त्याने विचारलं, "काका, सुटताना नक्की काय केलंत?" बाबांनी त्याला हाताचा तळवा पेडलसारखा धरून दाखवायला सुरुवात केली.

शेवटची फेरी तिची होती. रेषेवर उभी राहिली तेव्हा तिच्या डोक्यात जिंकण्याचा विचार नव्हता. शेवटचा पिवळा विझताना डावा पाय पळाला, आणि मग पायाखाली ती जागा आली. कितीएक टन ओझं एका बोटावर पेलल्यासारखी ती वाटली. पापणी लवेपर्यंतचाच तो वेळ, पण त्यात तिला प्लेट इंजिनच्या चाकाला भेटताना कळली, वजन मागे सरकताना कळलं. पाय आपोआप सुटत गेला. आपण निघालो हे तिला कुंपण मागे पळताना दिसलं तेव्हाच समजलं.

एक पूर्णांक अठ्ठ्याण्णव. त्या फेरीत ती जिंकली, आणि एकूण क्रमवारीत चौथी आली.

परत आल्यावर ती चिठ्ठी घेऊन सासऱ्यांकडे गेली. त्यांनी चिठ्ठी हातात घेतली, पण वाचली नाही. "आधी वास बघू," म्हणाले आणि गुडघे टेकून ट्रकखाली वाकले. तीही शेजारी वाकली. तापलेल्या रबराचा वास होता, धुळीचा होता, थोडा तेलाचा होता. आणखी कशाचाच नव्हता. दोघं तशीच वाकून राहिली.

नवरा पाणी घेऊन आला. "काय हरवलं?" त्याने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली, पण उठली नाही.