आमचा आमदार

आमदार कधी खुर्चीत बसून जेवल्याचं मला आठवत नाही. सिंगापूरमधल्या पाया लेबारच्या आमच्या ऑफिसात तो डबा हातात घेऊन खिडकीपाशी येरझाऱ्या घालायचा. होता फिलिपिन्सचा. आजोबा, वडील, काका सगळे निवडून आलेले, म्हणून आम्ही पुण्याकडच्या मंडळींनी त्याला हे नाव ठेवलं. अर्थ सांगितल्यावर खळखळून हसला. म्हणाला, “आमच्याकडे मूल जन्मलं की आधी मतदारसंघ ठरतो, मग नाव.”

त्या घरापासून लांब राहायचं म्हणूनच तो सिंगापूरला नोकरीला आला होता. पण एका रविवारी तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांपाशी, त्याच्या गावाकडच्या एका बाईंनी त्याला चेहऱ्यावरून ओळखलं. त्या इथे घरकाम करायच्या. “तुमच्या वडिलांनी कबूल केलेला पूल कधी होणार? माझी मुलं अजून होडीनं शाळेत जातात.” आमदार हातातलं जेवण तसंच टाकून उन्हात चालत सुटला. मी त्याच्यामागे. बोलला एकच वाक्य, “उत्तर मी का द्यायचं?”

वर्षभरात वडील गेले. घरून फोन आला, जागा दुसऱ्याकडे जाता कामा नये. चिडचिड करत गेला, उभा राहिला, निवडून आला. पूल मात्र त्यानं बांधून घेतला.

मग संसदेत एक विधेयक आलं: खासदाराच्या जागी त्याच्या नातेवाइकाला उभं राहता येणार नाही. काकांनी बजावलं, मतदानाच्या दिवशी आजारी पड. आदल्या दुपारी त्यानं मला फोन केला.

“तुझे वडील शिक्षक होते ना? तुला शिक्षक हो म्हणाले?”

“नाही रे. उलट, होऊ नको म्हणाले.”

“नशीबवान आहेस.”

त्यानं बाजूनं मत दिलं. विधेयक पडलं. पुढच्या निवडणुकीत घरच्यांनी सख्ख्या बहिणीलाच त्याच्याविरुद्ध उभं केलं आणि तो सपाटून हरला.

मागच्या महिन्यात इथे सिंगापूरला, हौगांगच्या आमच्या घरी आला होता. खूप वाळलाय. न राहवून मी विचारलं, “आईंनी मत कुणाला दिलं?”

“विचारलं नाही,” तो म्हणाला. “पण मत देऊन बाहेर आली तेव्हा काका, बहीण, सगळा गाव उभा होता. ती सरळ माझ्याकडे आली, माझी कॉलर नीट केली, आणि कुणाशी न बोलता घरी गेली.”