मागीलदार दाखवा, बाई

विश्राम गेल्याचा फोन आला तेव्हा मी नारळ पाडायला आलेल्या गड्याशी बोलत होते. फोन सुलभाचा, त्याच्या बायकोचा. "बाई, हे गेले..." एवढंच ती बोलू शकली. पहाटे छातीत दुखायला लागलं आणि दवाखाना गाठायच्या आत सगळं संपलं होतं. निवृत्तीला अजून चार वर्षं होती त्याच्या.

विश्राम आमच्या भागातला आरोग्य सेवक. खांद्याला पिशवी, हातात बॅटरी. घरोघरी जाऊन पाण्याची पिंपं तपासायची, ताप आलेल्याच्या बोटाचं रक्त काचपट्टीवर घ्यायचं, विहिरीत गप्पी मासे सोडायचे, हे त्याचं काम. वेळणेश्वरच्या रस्त्यावरच्या आमच्या सगळ्या वाड्या त्याला 'डासवाला' म्हणायच्या. मला मात्र तो माझ्या चौथीच्या वर्गात खिडकीजवळ बसणारा, उत्तर येत असूनही हात वर न करणारा मुलगाच वाटायचा. मोठा झाला, मिशा पिकल्या, तरी माझ्यासमोर तो खुर्चीच्या कडेवरच टेकायचा.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. गणपती नुकतेच झाले होते. विश्राम आला, पुढच्या दारची पिंपं बघितली, झाकणं नीट बसवली. मग म्हणाला, "बाई, मागीलदारी जरा बघतो." मला कुठेतरी जायची घाई होती. मी म्हटलं, "मागे काही नाही रे. मला काय तू शिकवतोस?" तो हसला, वहीत काहीतरी लिहिलं आणि गेला.

आठ-दहा दिवसांनी माझ्या नातीला, मुक्ताला, ताप भरला. दहावीचं वर्ष तिचं. डोळ्यांच्या मागे ठणका, सांध्यात कळा, अंगावर लाल पुरळ... डॉक्टर म्हणाले, डेंग्यू. पेशी खाली यायला लागल्या तसं तिला रत्नागिरीला हलवलं. पाच दिवस मी तिच्या खाटेशेजारी बसून होते. ती पाणी मागायची आणि मी नर्सच्या तोंडाकडे बघायचे.

ती बरी होऊन घरी आली, पण तिसऱ्याच दिवशी शेजारच्या घरात ताप निघाला. विश्राम सकाळीच हजर. या वेळी त्याने विचारलं नाही, थेट मागे गेला. बंबात जाळायला म्हणून पोफळीच्या विऱ्या मी तिथे रचून ठेवल्या होत्या. झाडावरून गळलेली ती रुंद सालपटं, होडीसारखी खोलगट. त्याने एक विरी उचलून उजेडात धरली. आत ओंजळभर पावसाचं पाणी, त्यात वळवळणाऱ्या अळ्या.

मी वाकून बघितलं. तो म्हणाला, "चूक माझी हाय, बाई. त्या दिवशी मी बघायला पायजे होतं. तुमाला उलट बोलायला जीभ रेटली नाय."

मला रडू फुटलं. तो मला ओरडला असता तर बरं वाटलं असतं... तो मात्र विऱ्या पालथ्या करत राहिला आणि हळूहळू सांगत राहिला. हा डास दिवसा चावतो. तापाच्या माणसाला चावला की तोच आजार पुढच्या माणसाला देतो, म्हणून आजाऱ्याला दिवसाही मच्छरदाणीत ठेवायचं. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात, नुसतं पाणी ओतून भागत नाही, आतून घासायला लागतं. तेही दर आठवड्याला, कारण तेवढ्या दिवसांत अळीचा डास होतो. करवंट्या, टायर, फ्रिजमागचा ट्रे, काहीच सोडायचं नाही.

चौथीत मी त्याला शिकवलं होतं. त्या दिवशी मी त्याच्यासमोर पायरीवर बसून ऐकत होते.

त्यानंतर विश्राम बदलला. कुणाचाही मान ठेवून परत फिरला नाही. सरपंचाच्या घरी काय नि भटजींच्या घरी काय, "मागीलदार दाखवा" म्हणून उभा राहायचा. लोक चिडायचे. एका घरातून त्याला हाकललंही होतं; दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथेच गेला.

बारावं झाल्यावर मी सुलभाला भेटले. ती म्हणाली, "त्यांच्या जागेवर अजून कोण आलेलं नाय. पाऊस तर पडतोच हाय."

त्यानंतरच्या रविवारपासून दर आठवड्याला मीच घरोघरी बघायला निघते. गुडघे दुखतात, पण आमच्या वाडीतली तेवीस घरं फिरून होतात. बहुतेक घरांतली कर्ती माणसं माझ्याच हाताखालून गेलेली. परवा एकजण दारातच म्हणाला, "बाई, तुमी कशाला तरास घेता? मागं काय नाय."

"असू दे," मी म्हटलं. "तरी बघते."

त्याने निमूटपणे मला वाट दिली.