एकट्याचा फोटो

मोहितेदादा गेल्याचं सांगायला त्यांचा मुलगा नितीन सकाळीच स्कूटरवरून आमच्या दारात आला. मी शाळेत निघायच्या घाईत होते, एक पाय चपलेत होता. मला काही न सांगता तो सरळ ओटीवर गेला आणि सुके बोंबील निवडत बसलेल्या माझ्या आईसमोर उकिडवा बसला. "आज्जी, पप्पा गेले," एवढंच म्हणाला. आईनं हातातलं सूप बाजूला ठेवलं आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. ती रडली नाही. मी मात्र त्या दिवशी फळ्यावर सुविचार लिहिताना रडले, पोरांच्या देखत. त्याला आता महिना होऊन गेला. पालघरपासून तारापूरपर्यंत कितीतरी घरांत मोहितेदादांनी काढलेले सणावाराचे फोटो आहेत, तेव्हा त्यांच्या कलेविषयी लिहिणारे पुष्कळ भेटतील. मला त्यांच्या एका दुखण्याविषयी लिहायचं आहे, कारण ते दुखणं आमच्या घरातून त्यांच्यामागे लागलं होतं.

मोहितेदादा मूळचे सातारा बाजूचे. बोईसरच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि सरावलीला एका चाळीत खोली घेऊन राहिले. मामाकडून मिळालेला एक जुना कॅमेरा त्यांच्याजवळ होता. सुट्टीच्या दिवशी बाकीचे कामगार झोपा काढायचे, तेव्हा हा माणूस सायकलला कॅमेरा अडकवून निघायचा. उमरोळीची दहीहंडी असो, माकुणसारचा भजनी सप्ताह असो की डोंगराकडच्या पाड्यावरचा तारपा नाच असो, आमंत्रण कुणाचंच नसायचं. आमच्या मच्छीमारांच्या मांगेलआळीत ते पहिल्यांदा आले ते नारळी पौर्णिमेला. सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ घेऊन मिरवणूक किनाऱ्यावर पोचली, तसे हे समोरून फोटो मिळावा म्हणून कॅमेरा डोक्यावर धरून उलट्या पावली पाण्यात शिरले. साताऱ्याच्या माणसाला भरतीचं काय कळणार? लाटेनं पाय उचलले तेव्हा माझ्या बाबांनी त्यांना कॉलरला धरून बाहेर ओढलं. बाबा तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते, त्यांची स्वतःची होडी होती आणि आवाज असा की दुसऱ्या होडीवरच्या माणसानं घाबरावं. त्यांनी मोहितेदादांना यथेच्छ शिव्या घातल्या, घरी आणलं, स्वतःचा सदरा दिला आणि नारळीभात वाढला. त्या दिवसापासून ते आमच्या घरचेच झाले. मी तेव्हा नुकतीच शाळेवर लागले होते म्हणून ते मला चिडवायला "बाई" म्हणू लागले, आणि शेवटपर्यंत तेच म्हणत राहिले.

पुढच्या नारळी पौर्णिमेला ते वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काखेत मारून आले. उघडलं तर बाबांचा फोटो. होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला एक पाय, डोक्याला टोपी, डोळे बारीक करून समुद्राकडे बघताहेत... एकटे बाबा, हा एवढा मोठा करून, काच आणि लाकडी चौकट घालून. मोरीत लाल कागद लावलेल्या दिव्याखाली रात्री जागून मोहितेदादांनी तो स्वतः धुतला होता. आता सांगायला हवं, की आमच्या आळीत तेव्हा जिवंत माणसं फोटोत असली तर ती लग्नातल्या घोळक्यात. भिंतीवर चौकटीत एकटा माणूस दिसला की तो गेलेला, हे लहान पोरालाही कळायचं. आई चुलीजवळून उठून आली, फोटो पाहिला आणि जागच्या जागी थांबली.

"जित्या मानसाला काचंत घातलास?" ती म्हणाली.

मोहितेदादांना काही उमजेना. ते "काय चुकलं, मावशी?" म्हणत आमच्या तोंडाकडे बघत राहिले. मी लगेच आईवर तापले. चार बुकं शिकलेली मुलगी, आईला अडाणी ठरवायला मला निमित्तच हवं असायचं. बाबा मात्र खूश होते. त्यांनी फोटो दोन्ही हातांत धरून लांबून न्याहाळला आणि हसत म्हणाले, "राऊ दे गो. कवातरी कामाला येल." आई त्या दिवशी बाबांशी बोलली नाही. फोटो तांदळाच्या कोठीमागे भिंतीकडे तोंड करून ठेवला गेला, आणि मोहितेदादा त्या वर्षी नारळीभात न खाताच परत गेले.

त्याच भाद्रपदात वादळ आलं. आमची होडी उलटली. पाठीमागून येणाऱ्या होडीनं आमचे सगळे खलाशी वर काढले, एकटे बाबा सापडले नाहीत. आम्ही किती दिवस किनाऱ्यावर बसून होतो ते मला आठवत नाही. शेवटी दर्भाचा पुतळा करून विधी केले. पुतळ्याला चेहरा नसतो... तेव्हा कुणीतरी कोठीमागून तो फोटो काढला, पुसला आणि त्याला हार घातला. बाबा म्हणाले होते तसा तो कामाला आला.

मोहितेदादा दहाव्याला आले, पण अंगणातच उभे राहिले. आळीतली माणसं काही वाईट नव्हती, पण दुःखात माणूस कारण शोधतो आणि कारण तर समोरच उभं होतं. बाकीचे सगळे वाचले, आणि ज्याला काचेत घातला तोच तेवढा गेला. एक म्हातारी मोठ्यानं तसं बोललीसुद्धा. मोहितेदादांनी ऐकलं. आईनंही ऐकलं, पण ती काहीच बोलली नाही. ते आल्या पावली परत गेले, आणि त्यानंतर त्यांनी कॅमेरा कपड्यात बांधून माळ्यावर टाकला. दहीहंडी नाही, सप्ताह नाही. सुट्टीच्या दिवशी तेही बाकीच्यांसारखे झोपू लागले. हे मला बोईसरच्या बाजारात त्यांच्या एका सोबत्याकडून कळलं तेव्हा मी तडक सरावलीला गेले आणि त्यांना फैलावर घेतलं. फोटोनं होडी उलटत नाही, वाऱ्यानं उलटते, असं मी त्यांना अगदी सहावीच्या वर्गाला शिकवावं तसं समजावलं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, स्टोव्हवर चहा केला आणि म्हणाले, "तुमचं बरोबर असेल, बाई. पण तो तुमच्या आईंचा नवरा होता."

त्यानंतरच्या वर्षी श्रावण लागला तेव्हा आई सुक्या मासळीची पाटी बोईसरला विकून परस्पर सरावलीला गेली. मला हे पुढं मोहितेदादांनीच सांगितलं. ती चाळीत कुणाकुणाला विचारत त्यांच्या खोलीपाशी पोचली, उंबऱ्यावर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली की पुनवेला ये, आळीतली पोरं मोठी होऊन चाललीत, त्यांचे फोटो कोण काढणार? ते रडायला लागले. त्यांनी तिला विचारलं, मावशी, माझ्यामुळं झालं का? आई पाटी उचलून उभी राहिली. "मला ठाव नाय," ती म्हणाली, "पन तू येत जा." ती दुसरं काहीही बोलू शकली असती. खोटं बोलून त्यांचं मन राखणंही अवघड नव्हतं. पण माझी आई मासळी विकताना शिळ्याला ताजं म्हणत नाही, तिथं हे कसं म्हणणार?

ते आले. कॅमेरा पुन्हा खाली उतरला, पण त्यांनी स्वतःवर एक नियम घालून घेतला. एकट्या माणसाचा फोटो काढायचा नाही. मिरवणूक, पालखी, होळीभोवतीच्या बाया, शाळेतलं झेंडावंदन, काय म्हणाल ते काढीन, पण चौकटीत माणसं दोन तरी हवीत. नवरदेव एकटा उभा राहिला तर हे कुणाला तरी हाताला धरून त्याच्या शेजारी उभं करायचे. पंचाईत व्हायची ती ओळखपत्राच्या फोटोंची. खलाशांना, नोकरीच्या अर्जाला एकट्याचाच चेहरा लागतो, आणि बोईसरच्या स्टुडिओत जायला आमची पोरं कंटाळायची. मग मोहितेदादांनी तोड काढली. दोघांना खेटून उभं करायचं, फोटो काढायचा आणि मग कात्रीनं दोन तुकडे करायचे. त्यामुळं आमच्या गावातल्या माणसांच्या ओळखपत्रांवर कडेला दुसऱ्याच कुणाचा तरी खांदा असायचा. माझ्याही शाळेच्या ओळखपत्रावर माझा भाऊ दिनू खांद्यापुरता हजर होता. पालघरच्या कचेरीतल्या कारकुनानं एकदा वैतागून विचारलं होतं, तुमच्या गावात काय सगळी माणसं जोडीनंच राहतात? दादांना सांगितलं तर पोट धरून हसले. इतकं हसताना मी त्यांना क्वचितच पाहिलं.

कारण आमच्या घरी ते मोकळे नसायचेच. दर पौर्णिमेला, दर शिमग्याला यायचे. लग्न झाल्यावर सुनंदावहिनींना आणि मग नितीनला घेऊन यायचे. पण ओटीवर बसायचे ते बाबांच्या फोटोकडे पाठ करून. आईनं कुठंही पाट मांडला तरी हे तो फिरवून घ्यायचे. आईच्या लक्षात येत असणार, तिच्या नजरेतून काय सुटतं? पण ती भात वाढायची आणि दुसरंच बोलायची. एका होळीला, आळी सगळी होळीकडे गेली असताना, त्यांनी मला हळूच विचारलं की मावशी त्या फोटोविषयी कधी काही बोलतात का. मी पुन्हा वारा आणि होडी सुरू केलं, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं. "तुमचं नाही विचारत, बाई. मावशींचं विचारतो." मग मीच आईला छेडलं. म्हटलं, एकदा म्हणून टाक ना त्याला की तुझ्यामुळं नाही झालं, तुझं काय जातं? आई म्हणाली की त्याला सांग जेवायला ये, भाकऱ्या निवताहेत. मला तेव्हा तिचा फार राग आला होता. माणूस वर्षानुवर्षं दारात उभा आहे आणि ही त्याला भाकरी वाढते!

पुढं रंगीत फोटो आले, लग्नात व्हिडिओवाले आले. हौशी माणसाला कोण विचारतो? दादांचे गुडघेही गेले होते. तरी गेल्या नारळी पौर्णिमेला रिक्षा करून आले. मिरवणूक निघून गेल्यावर आईनं त्यांना हाक मारली आणि म्हणाली, सगळ्यांचे काढतोस, आज माझ्यासोबत उभा राहा. कॅमेरा माझ्या हातात दिला गेला. दोघं किनाऱ्यावर उभी राहिली, आई एवढीशी, पदर वाऱ्यानं उडतोय, आणि दादा तिच्याकडे वाकून काहीतरी सांगत हसताहेत. मी कॅमेरा वाकडा धरलाय असं ते ओरडले. तीच आमची शेवटची भेट.

ते गेल्यावर तेराव्यासाठी नितीन फोटो शोधू लागला. लग्नातला होता, पण त्यात ते ओळखूच येत नव्हते, आणि नंतरचे सगळे घोळक्यातले. शेवटी तो मी काढलेला फोटोच बरा ठरला. नितीन बोईसरच्या स्टुडिओत जाऊन आला आणि त्यानं आम्हा दोघींना सरावलीला बोलावून घेतलं. अडचण अशी होती की दादा आईकडे इतके वाकले होते की चेहरा मोठा केला की कडेला आईचा खांदा येतच होता, लुगड्याच्या काठासकट. स्टुडिओवाला म्हणाला होता, काळा रंग मारून झाकून देतो. सुनंदावहिनी घाईघाईनं म्हणाल्या की झाकूनच टाका, जित्या माणसाचं अंग हाराखाली नको, आज्जींना काही झालं तर आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं? इतकी वर्षं विज्ञान शिकवलं, पण त्या क्षणी आईकडे बघून मलाही झाकलेलंच बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

आईनं फोटो हातात घेतला. लुगड्याच्या पदरानं त्यावरून एकदा पुसलं.

"राऊ दे माजा खांदा," ती म्हणाली. "फोटोनं मानूस मरत नाय."

वहिनी आत निघून गेल्या. नितीनला त्यातलं काय कळलं कोण जाणे, तो मान हलवून फोटो घेऊन गेला... आणि तसाच, खांद्यासकट मोठा करून आणला.

काल मी आईला घेऊन सरावलीला गेले होते. खोलीत शिरताच समोर तो फोटो आहे. वहिनी रोज शेवंतीचा हार घालतात, तो दादांच्या चेहऱ्यावरून उतरून आईच्या खांद्यावर टेकतो. आई त्याच्यासमोरच बसली, तोंड करून, आणि तिनं चहा घेतला. परतताना रिक्षात मला राहवलं नाही. म्हटलं, एवढं एक वाक्य ऐकायला तो माणूस जन्मभर आपल्या घरी येत होता गं. तेव्हाच का नाही बोललीस?

आई रस्त्याकडे बघत होती. मिठागरं मागं पडली, सुरूची झाडं दिसायला लागली.

"तवा मलाबी ठाव नवतं, पोरी," ती म्हणाली.